नाचणीच्या भाकरीचा चंद्र

आमच्या घरी भूकंप भांड्यांवर मोजत. कोयनानगरच्या कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये दाराजवळच्या कोपऱ्यात आईची उतरंड होती. खाली तांब्याचा हंडा, त्यावर कळशी, कळशीवर डेचकी, डेचकीवर गडू, सगळ्यांत वर पालथी वाटी आणि वाटीवर एक चमचा. लग्नात मिळालेली ही भांडी स्वयंपाकाला कधी लागली नाहीत. वाजणं एवढंच त्यांचं काम होतं. नुसता चमचा किणकिणला तर हातातलं काम चालू ठेवायचं. वाटी हलली तर गॅस बंद करायचा. गडू घसरला तर चपला न शोधता अंगणात जायचं, आणि तिथं आई बोट दाखवून डोकी मोजायची: मी, माझी बहीण मंजू, आणि बाहेर आले असले तर अण्णा. सगळी उतरंड कोसळली तर काय करायचं हे आईनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. कॉलनीत दाराची वरची कडी कुणी घालत नसे, कपाटावर जड काही ठेवत नसे, भिंतीला लागून पाळणा बांधत नसे. पाहुण्यांना आमची घरं विचित्र वाटत. मला त्यांची वाटायची. सांगलीला मामाकडं गेलं की माळ्यावर रचलेले डबे बघून मला त्या खोलीत झोप लागायची नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटणजवळच्या खेड्यातले. धरणाच्या पोटात एक लांब बोगदा असतो, त्याला गॅलरी म्हणतात. तिथं उतरून कुठं किती पाणी झिरपतं ते मोजायचं आणि यंत्रांचे आकडे घेऊन वर यायचं, ही त्यांची नोकरी. घरी आले की अंगाला ओल्या सिमेंटचा वास यायचा. हादरा बसला तेव्हा ते जेवत असले तर जेवतच राहायचे, डाव्या हाताची दोन बोटं फक्त तांब्यावर टेकवायचे. "आला पाव्हणा," म्हणायचे. "बसू द्या. पाणी बी न पिता जाईल." आई तोवर आम्हाला दंडाला धरून अंगणात पोचलेली असायची. परत आल्यावर ती त्यांच्या ताटात आमटी वाढायची आणि पळी पातेल्यात जरा जोरात टाकायची. ती सांगलीची, सपाट काळ्या रानातल्या गावची. तिथं नदी घरात शिरते, पण येतेय हे आधी दिसतं. "पोरींना घेऊन मी सांगलीला राहते, तुम्ही सुट्टीला या," हे ती दरवर्षी एकदा म्हणायची. अण्णा दरवर्षी एकच उत्तर द्यायचे, "घर मोडून कुणाचं भलं झालंय गं?" त्यांच्या लेखी घर मोडणं म्हणजे माणसं दोन गावी राहणं, आणि तिच्या लेखी भिंती अंगावर येणं. आम्ही दोघी बहिणी या दोन वाक्यांच्या मधे वाढलो.

मामाचं सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या भागांतून मला एक कॉम्प्युटर जुळवून दिला आणि सोबत एक सीडी दिली. तिच्यात अवकाशयान चालवायचा फुकटचा प्रोग्रॅम होता. त्यात गोळ्या झाडणं नव्हतं की गुण मिळणं नव्हतं. यान उडवायचं, इंधन संपवायचं आणि चुकलं तर अंधारात वाहत जायचं. मी नववीत होते आणि कॉलनीत दुपारी दुसरं काही घडत नव्हतं. आजचीच तारीख घेऊन तो सुरू व्हायचा, आणि कंटाळा आला तर एक कळ दाबून वेळ पळवता यायची. कोपऱ्यातली तारीख भराभर पुढं जायची आणि ग्रह फिरकीसारखे फिरायचे. शनीचे मोठे चंद्र त्यात होते. बाहेरचा एक लहानसा नव्हता. त्याचं नाव फीबी. मोठे चंद्र एका दिशेनं जातात, हा लांबून उलट्या दिशेनं. तो आपण घालायचा असं मी ठरवलं.

अवघड नव्हतं. एक साधी फाइल लिहायची, तिच्यात चंद्राचं वजन, आकार, सुरुवातीची जागा आणि वेग द्यायचा. उलटं जायचं म्हणून वेगाआधी उणे चिन्ह. आकडे मामाच्या दुकानातल्या इंटरनेटवरून मी उतरवून आणले होते. उरला तो पृष्ठभाग. फीबी कोळशासारखा काळपट आणि खड्ड्याखड्ड्यांचा असतो असं वाचलं होतं. मला चित्र काढता येत नाही. मग सांगलीला जाताना आईनं बांधून दिलेली नाचणीची एक शिळी भाकरी मी खाल्ली नाही आणि ती मामाच्या स्कॅनरवर पालथी ठेवली. काच पिठाची झाली म्हणून मामा ओरडला. पडद्यावर चित्र आलं तेव्हा खुर्ची ओढून बसला. "आयला, सेम चंद्र! आणि तव्याला चिकटलेला हा भाग बघ, ज्वालामुखीच." मी त्याला सांगितलं की तिथं ज्वालामुखी नसतात. आता मी साताऱ्यात एका कारखान्याची खरेदी बघते, माझ्या मुलानं त्याच प्रोग्रॅमची नवी आवृत्ती उतरवून घेतली आहे आणि तिच्यात फीबी आधीपासून आहे, यानानं काढलेल्या खऱ्या फोटोंचा. मी तो मोठा करून पाहिला. भाकरी फारशी चुकली नव्हती.

चुकला होता वेगाचा आकडा. शेवटचं एक शून्य राहिलं. गौरी-गणपती उरकल्यानंतरची दुपार होती. मी फीबी सुरू केला आणि तो नीट फिरतो का बघायला वेळ पळवली. तो फिरला नाही. इतका हळू चालणारा चंद्र ग्रहाभोवती वळू शकत नाही, तो नुसता ओढला जातो. भाकरीचा काळा ठिपका आधी सावकाश, मग वेगानं कड्यांकडं निघाला आणि शनीच्या कडेला लागून नाहीसा झाला. मी काय चुकलं ते शोधायला वेळ थांबवली. मागं शेजारच्या शिंदेकाकू उभ्या होत्या. विरजण न्यायला आल्या होत्या, वाटी हातात होती.

"काय पडलं गं त्ये?"

"शनीचा चंद्र."

"कशावर पडला?"

"शनीवरच. पण काकू, तो खरं पडत नाही, माझा आकडा—"

"आणि ही खाली तारीख न्हवं का?"

तारीखच होती, तीन महिने पुढची. काकूंनी वाटी टेबलावर ठेवली, स्वयंपाकघरात गेल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटण्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर घेतला होता.

"शनिवार हाय. आणि अमावास्या."

"काकू, माझा आकडा चुकलाय."

"तुझा चुकंल गं पोरी. मशिनीचा कसा चुकंल?"

विरजण न घेताच त्या गेल्या. मी शून्य घातलं, फाइल जतन केली, पुन्हा वेळ पळवली. फीबी आपल्या लांबच्या वाटेनं उलटा, निवांत फिरायला लागला. आई बाहेरून आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, पडलेला आणि न पडणारा दोन्ही. तिनं पडद्याकडं पाहिलं नाही. पाहिलं ते टेबलावरच्या रिकाम्या वाटीकडं.

दोन दिवसांत ते दूधकेंद्रावर पोचलं होतं, पण वेगळं होऊन. अण्णा धरणाच्या आत यंत्रांचे आकडे घेतात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळं मशीन माझं राहिलं नाही, ते प्रकल्पाचं झालं. अण्णांनी ते गुपचूप घरी आणलंय, त्यात तारीख आलीय, वरचे लोक दाबून ठेवतायत. मग त्याला जोड मिळाली की मोठा भूकंप, जो आमच्या आधीच्या पिढीनं पाहिला होता, तोही थंडीतच झाला होता. मग उलटा फिरणारा चंद्र म्हणजे वक्री शनी, असं कुणीतरी काढलं. मी शाळेत जाताना बायका बोलायच्या थांबायच्या. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, किती वाजता?" मी म्हणाले, मावशी, घरी चला, दाखवते, चंद्र पडत नाही. ती आली नाही. तीन महिन्यांत कुणीच आलं नाही. पडताना एकाच बाईनं पाहिलं होतं आणि ते सगळ्या कॉलनीला पुरलं. न पडणारं बघायला लोक उठून येत नाहीत, हे मी तेव्हा शिकले. कारखान्यात रोज उपयोगी पडतं.

दुरुस्त झालेला चंद्र बघायला आले ते एकटे अण्णा. त्यांना साहेबांनी बोलावून विचारलं होतं, तुमच्या घरी कसलं यंत्र आहे? इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बूट न काढता ते माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले. "दाव." मी दाखवलं. त्यांनी फीबीच्या पुऱ्या दोन फेऱ्या पाहिल्या, गॅलरीत पाण्याची धार बघत असतील तसं मान वाकडी करून.

"उलटा का फिरतोय ह्यो?"

"तो शनीचा नाहीच म्हणतात. बाहेरून आला आणि अडकला."

"म्हंजी घरचा न्हाई."

"नाही."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. आई तिथं पावटे सोलत बसली होती. "ऐकलंस का?" ते म्हणाले. "काय बी पडत न्हाई. शिंदीणबाईला जाऊन सांग तेवढं. तुझं ऐकंल ती."

"सांगते," आई म्हणाली.

ती गेली नाही. मी वाट पाहिली आणि आठवडाभरानं विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू दुरुस्त केलंस ते मला माहीत आहे. बाहेर सांगत सुटू नकोस." भाकरी तव्यावर टाकून तिनं पाणी फिरवलं. पाण्याचा चर्र असा आवाज झाला. मी आईला घाबरणारी मुलगी नव्हते, पण त्या दिवशी मी ताट उचलून बाहेरच्या खोलीत नेलं. भूकंपाला ती भीत होती, हे मला जन्मापासून माहीत होतं. ती त्या तारखेची वाट बघतेय, हे नव्हतं.

दिवाळीनंतर चमचा फार वाजायला लागला. आज विचार करते तर वाटतं, नेहमीइतकाच वाजत असेल, ऐकणारे वाढले होते. शेजारच्या घरातून कुणी पातेलं खाली ठेवलं तरी मंजू दप्तर टाकून अंगणात पळायची. कॉलनीतली कुत्री भुंकायची कमी झालीत असं एकानं म्हटलं आणि मग सगळे कुत्री ऐकत बसले. घरांमधून भांडी हळू घासली जायची, रेडिओ बारीक लावला जायचा. घाटातून धुकं खाली उतरायचं ते दुपारपर्यंत हलायचं नाही, आणि त्या धुक्यात लोक एकमेकांना तारीख न उच्चारता विचारायचे, "तुमचं काय ठरलं?" ज्यांची गावं जवळ होती त्यांचं ठरलं होतं. अण्णांचंही ठरलं होतं. त्या शनिवारी त्यांची ड्यूटी गॅलरीत होती आणि त्यांनी ती बदलून घेतली नाही. "माझ्याच घरातनं अफवा निघाली, आणि मीच रजा टाकू? मग समदी म्हणतील, खरंच हाय."

"मग आम्ही जातो," आई म्हणाली. "पोरी घाबरल्यात."

मी घाबरले नव्हते आणि तिला ते माहीत होतं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मंजूच्या दप्तराचा बंद बांधत राहिले. बोलून काही झालं असतं असं मला आजही वाटत नाही. उतारावरून सुटलेली गाडी होती ती.

जायच्या आदल्या दिवशी आई ट्रंक भरत होती. मी मदतीला बसले तर खालच्या थरात आमचे उन्हाळ्याचे फ्रॉक होते, बिनबाह्यांचे. बाहेर लोक मफलर गुंडाळून फिरत होते. मी फ्रॉक हातात धरून तिच्याकडं पाहिलं. तिनं तो माझ्या हातातून घेतला, पुन्हा घडी केली आणि जागेवर ठेवला. सकाळी अण्णांनी ट्रंक स्टँडवर न्यायला उचलली. उचलली आणि परत खाली ठेवली.

"दोन दिसांसाठी एवढं?"

"थंडी आहे," आई म्हणाली.

त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली. दाराशी मंजू थांबली. "आई, उतरंड?"

"राहू दे. सांगलीला तिचं काय काम?"

एसटी भरलेली होती. कॉलनीतलेच सगळे, पण कुणी कुणाशी फार बोलत नव्हतं, मयताला निघाल्यासारखे. शिंदेकाकू खिडकीजवळ बसून माळ ओढत होत्या. अण्णा खाली उभे राहून खिडकीतून मंजूला म्हणाले, "मामाचं डोकं खाऊ नगंस." गाडी निघाली तेव्हा ते हात करत नव्हते. ट्रंकेमुळं खांद्यावर पडलेला वळ चोळत होते.

शनिवारी मामीनं ज्वारीच्या भाकरी आणि भरलं वांगं केलं होतं. सगळे एकमेकांना "घ्या, घ्या" म्हणत होते आणि टेलिफोनकडं बघत होते. अण्णा त्या वेळी धरणाच्या पोटात असणार हे मला ठाऊक होतं. चंद्र पडणार नाही, आकडा मी स्वतः दुरुस्त केला होता, तरी मी पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते. खोटं आहे हे माहीत असूनही तीन महिने ऐकलेलं अंगात मुरतं. आईनं दुपारभर मामीचं स्वयंपाकघर घासलं, घासलेलंच परत घासलं. संध्याकाळी फोन वाजला. तिनं तो दुसऱ्या घंटेला उचलला, आणि अण्णांचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"पाव्हणा आला न्हाई. चमचासुदीक वाजला न्हाई. सोमवारी या."

आईनं डोळे मिटले. ओठ हलले, देवाचं नाव घेतलं असावं. मग डोळे उघडून म्हणाली, "मंजूला ताप आहे. दोन दिवस बघते." मंजू माझ्या शेजारी बसून भडंग खात होती. तिनं खाणं थांबवलं आणि स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तापानंतर मामीची कंबर धरली, मग संक्रांत जवळ आली, मग आमची नावं सांगलीच्या शाळेत घातली गेली. भांडण झालं नाही. अण्णा सणाला यायचे, पाहुण्यासारखे, हातात तांदळाची पिशवी घेऊन. आई त्यांना वाढायची. "कवा येताय?" हे त्यांनी तीनचारदा विचारलं आणि नंतर सोडून दिलं. आई कोयनानगरला परत कधीच गेली नाही.

मी मे महिन्यात गेले, एकटी. घर स्वच्छ होतं, बाईमाणसाच्या घरापेक्षा जास्तच. कॉम्प्युटरवर आईची जुनी साडी झाकलेली होती. दाराजवळ उतरंड जशीच्या तशी होती. आत गेले तर अण्णांच्या खाटेच्या उशाशी दुसरी उतरंड होती, स्टीलची. रोजच्या वापरातली पातेली, त्यावर फुलपात्रं, त्यावर दोन चमचे.

"हे काय, अण्णा?"

"फळीवर जागा न्हाई."

फळी रिकामी होती. जेवायच्या आधी त्यांनी कॉम्प्युटरवरची साडी काढली आणि नीट घडी घातली. "त्यो चालू कर जरा." मला बरं वाटलं, वाटलं चंद्र बघायचाय. फीबी सुरू केला. तो फिरत होता. अण्णा बाजूच्या घरात ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"आता म्होरची तारीख कंची दावतंय?"

मी वळून पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. ज्या माणसानं दोन फेऱ्या डोळ्यांनी पाहून "काय बी पडत न्हाई" म्हटलं होतं, तोच विचारत होता. "अण्णा, तारीख नाही दाखवत. खेळ आहे तो." ते "व्हय, व्हय" म्हणाले आणि पाटावर जाऊन बसले.

त्यांनी भात केला होता आणि आमटी. मी त्यांच्यासमोर बसले. दुसरा घास घेतला असेन, तेवढ्यात आत चमचे किणकिणले. बस, तेवढंच. वाटीसुद्धा हलली नाही. माझा डावा हात सवयीनं तांब्याकडं गेला, त्यांचं बघून बघून लागलेली सवय. मान वर केली तर समोरचा पाट रिकामा होता.

मी बाहेर गेले. अण्णा अंगणाच्या मध्ये अनवाणी उभे होते, उजव्या हाताला भात चिकटलेला. जमीन केव्हाच शांत झाली होती. त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि ओठातल्या ओठात "एक" म्हणाले. मग ते बोट तसंच धरून दाराकडं बघत राहिले.